जहाजावर फोन सुरू राहिला आणि बिल आलं हजारोंत! समुद्रातलं रोमिंग समजून घ्या



छोट्या उद्योजकाचा मोबाईल म्हणजे त्याचं दुकानच. ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयवर, माल कुठे पोहोचला ते फोनवर. म्हणून चार दिवस फिरायला गेलं तरी फोन बंद ठेवायला मन धजत नाही. सिंगापूरची क्रूझ असो की युरोपातली फेरीबोट, आपण निघताना त्या देशाचं रोमिंग पॅक मारतो आणि निर्धास्त होतो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : देशाचं पॅक बहुतेक वेळा जमिनीवर चालतं, समुद्रात नाही. कसं ते बघू.

समुद्रात रेंज येते कुठून?

जहाज किनाऱ्याजवळ असतं तेव्हा फोन जमिनीवरचा टॉवर पकडतो. किनारा मागे पडला की ती रेंज जाते. अनेक मोठ्या जहाजांवर मग त्यांचं स्वतःचं छोटं मोबाईल नेटवर्क सुरू होतं. साधारणपणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर पुढे गेल्यावर. तुमचा कॉल किंवा डेटा आधी जहाजावरच्या यंत्रणेकडे जातो, तिथून उपग्रहाकडे आणि उपग्रहाकडून परत जमिनीवर. हा रस्ता महाग आहे, म्हणून दरही महाग.

फोनला मात्र यातलं काही कळत नाही. त्याला फक्त रेंज हवी असते. नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक'वर असेल तर तो गुपचूप जहाजाचं नेटवर्क पकडतो. स्क्रीनवर देशातल्या कंपनीऐवजी 'सेल्युलर ॲट सी', 'टेलेनॉर मेरिटाइम' असं नाव किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजा की आता आपण जहाजाच्या नेटवर्कवर आहोत. ९०१ हा कोणत्याही एका देशाचा कोड नाही.

युरोपचंच बघा ना. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिमकार्ड दुसऱ्या देशात घरच्याच दराने वापरता येतं. पण ही सवलत जमिनीवरच्या नेटवर्कपुरतीच आहे. तिथल्याच माणसाने फेरीबोटीवर उपग्रहाचं नेटवर्क वापरलं, तर त्याला वेगळे पैसे पडतात.

मुंबई-मांडवा बोटीने जाणाऱ्यांनी मात्र घाबरून जाऊ नका. ती बोट किनाऱ्याजवळूनच जाते. तिथे आपले नेहमीचेच टॉवर असतात.

आपण काही वापरलंच नाही, तरी बिल?

हो, येऊ शकतं. फोन खिशात असला तरी आत काम चालूच असतं. फोटोंचा बॅकअप, ॲपचे अपडेट, ईमेल, ग्रुपवरचे व्हिडिओ. उदाहरणासाठी १ एमबीला ५०० रुपये दर धरू. ४ एमबीचे २० फोटो आपोआप अपलोड झाले, तर ८० एमबी, म्हणजे ४०,००० रुपये! तुम्ही लाडू विकता आणि डब्यामागे ५० रुपये सुटतात असं धरलं, तर ८०० डब्यांची कमाई गेली. प्रत्यक्ष दर कंपनीप्रमाणे बदलतो, पण हिशोबाची पद्धत हीच.

आलेला कॉल उचलला तरी रोमिंगमध्ये पैसे लागू शकतात. प्रीपेडमध्ये निदान शिल्लक संपली की गाडी थांबते. पोस्टपेडमध्ये मर्यादा लावलेली नसेल तर मीटर पळत राहतो.

निघण्यापूर्वी काय करायचं?

१. आपल्या मोबाईल कंपनीला स्पष्ट विचारा : "हे पॅक जहाजावर चालतं का? कोणत्या नेटवर्कवर? नाही तर मिनिटाचा आणि एमबीचा दर काय?" उत्तर लेखी घ्या, चॅट किंवा ईमेलवर.

२. जहाजावर चढताच फ्लाइट मोड लावा. नुसतं डेटा रोमिंग बंद केलं तर फक्त डेटा थांबतो, कॉल आणि एसएमएस सुरूच राहतात.

३. इंटरनेट हवंच असेल तर फ्लाइट मोड तसाच ठेवून जहाजाचं वायफाय घ्या. त्याचेही पैसे असतात, पण आकडा आधी कळतो. आकडा आधी कळला की खर्च आपल्या हातात राहतो.

४. पोस्टपेड असेल तर खर्चाची मर्यादा लावून घ्या.

आणि धंद्याचं काय?

इथे बरेच जण फसतात. व्हॉट्सॲप बिझनेसवर 'अवे मेसेज' लावला की काम झालं, असं वाटतं. पण फोनला इंटरनेट नसेल तर तो मेसेज जातच नाही! त्यापेक्षा घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडून विश्वासातल्या माणसाकडे द्या. मुख्य फोन बंद असला तरी जोडलेलं उपकरण १४ दिवसांपर्यंत चालतं. कॉल घरच्या दुसऱ्या नंबरवर वळवा, तेही निघण्यापूर्वीच. यूपीआयचे पैसे फोन बंद असला तरी खात्यात जमा होतात. पण ज्या व्यवहारांना ओटीपी लागतो, ते व्यापाऱ्यांचे पेमेंट आधीच उरकून घ्या.

तुमचा व्यवसायच सहलींचा असेल, तर हीच माहिती बुकिंगच्या वेळी ग्राहकाला लिहून द्या. परत आल्यावर त्याला बिलाचा धक्का बसला, तर राग तुमच्यावरच निघतो.

बिल आलंच तर?

घाबरून लगेच भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. तपशीलवार बिल मागवा. तारीख, वेळ आणि नेटवर्कचं नाव तपासा. कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं. पॅकबद्दल घेतलेलं लेखी उत्तर तेव्हा कामाला येतं.

माल घेताना भाव विचारल्याशिवाय आपण पोत्याला हात लावत नाही. मग नेटवर्कला का लावायचा?

आजचं काम : फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि डेटा रोमिंग, नेटवर्क निवड आणि फोटो बॅकअप हे तीन पर्याय कुठे आहेत ते आत्ताच शोधून ठेवा. बंदरावर, हातात बॅगा असताना, ते सापडत नाहीत!