चांदोली: गव्यांच्या कुरणाखालची खाचरं

चांदोली राष्ट्रीय उद्यानाला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो वाघाचा. त्या प्रश्नावर सहल बेतू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चांदोली ज्याचा भाग आहे त्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात 2018 साली कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला, तेव्हा ती बातमी झाली. 2025च्या अखेरीस ताडोब्याची वाघीण इथे आणली गेली. वाघ इथे पुन्हा रुजतो आहे, तो दर्शन देण्याच्या बेतात नाही. बघण्यासारखं दुसरं खूप आहे, आणि त्यासाठी ऋतू निवडावा लागतो.

पावसाळ्यात उद्यान बंद असतं. त्याला कारणही तसंच आहे. वारणेच्या उगमाजवळच्या पाथरपुंज भागात काही वर्षी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आहे. दिवाळीच्या सुमारास वाटा उघडतात तेव्हा गवत पुरुषभर उंच असतं. ओढे वाहते असतात, पण त्या गवतात जनावर दिसणं कठीण. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनीची झाडं जांभळ्या फुलांनी लगडतात. एप्रिल-मेमध्ये सडे, म्हणजे कातळाची पठारं, करपतात, पाणवठे आटत जातात आणि गवे, सांबर, भेकर पाण्याशी येतात. एकच फेरी जमणार असेल तर मी मार्च सांगेन. उन्हाळ्यात प्राणी जास्त दिसतील हे खरं, पण जंगलाची सावली आणि ओल मार्चमध्ये अजून शाबूत असते.

कराडहून किंवा बत्तीस शिराळ्याहून शेडगेवाडी, आरळा करत मणदूरला यायचं. वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या हवाच. वेळा आणि शुल्क बदलतात, म्हणून निघण्याआधी वनविभागाकडे विचारून घ्यावं. पाणी आणि डबा बरोबर असू द्यावा. प्रचितगड मात्र याच फेरीत घुसवू नये. कोकणातल्या शृंगारपुरातून त्याची चढण खडी आहे. तो वेगळा दिवस मागतो.

आता ज्यासाठी हे सारं लिहायला घेतलं ते. आतमध्ये, झोळंबीच्या बाजूला, दाट रानातून एकदम मोकळं कुरण लागतं. त्यावर गव्यांचा कळप चरत असतो आणि पाहणारा म्हणतो, काय निसर्ग आहे! पण ते कुरण माणसांनी घडवलेलं आहे. ती भाताची खाचरं होती. वारणा धरणाच्या जलाशयाने काही गावं उठवली, 1985 साली अभयारण्य झालं तेव्हा उरलेल्यांवरही पाळी आली. 2004 साली 317 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, 2010 साली कोयना अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. गावकरी सांगली, सातारा, कोल्हापूरच्या वसाहतींत विखुरले. जमिनीसाठी आणि हक्काच्या सोयींसाठी अभयारण्यग्रस्तांना श्रमिक मुक्ती दल या संघटनेबरोबर वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.

शेती थांबल्यावर ही खाचरं झाडोऱ्यात बुडू लागतात. गव्याला आणि सांबराला गवत हवं, वाघाला गवे-सांबर हवेत. म्हणून झुडपं काढून कुरण राखण्याचं काम आता वनविभागाला करावं लागतं. नांगर आणि विळा जे काम करत होते, तेच आता दुसऱ्या हातांनी चालतं. लोकांना बाहेर काढल्याने जंगल वाचलं की नाही, यावर मतं दोन असतील. जंगलाला शिकार आणि तोड यांपासून आसरा मिळाला, हे मी मान्य करतो. पण त्या जमिनीचा इतिहास पुसून तिला अस्पर्श रान म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून फेरी आखताना घाई नको. एका दिवसात सगळे पाणवठे गाठायचा हट्ट सोडा, एका कुरणाशी तासभर थांबा. कडेला आंब्याची, फणसाची जुनी झाडं ओळीने दिसली तर तिथे घरं होती असं धरून चाला. दगडी जोतं आणि बांधाची सरळ रेषा नजरेला लागते. वाटाडे बहुतेक शेजारच्याच गावांतले असतात. त्यांना नुसतं ‘जनावर कुठे दिसेल?’ विचारू नका. हे शिवार कोणत्या गावचं, ते लोक आता कोणत्या वसाहतीत राहतात, हेही विचारा. अनेकांना उत्तर नातेवाइकांच्या नावानिशी ठाऊक असतं.