मोठ्या पडद्याचा फोन : गुण आणि दोष

श्रोतेहो, परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. २०२१ साली ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून इथल्या शेतकऱ्यालाही उभ्या पिकाचा फोटो फोनवर काढून नोंद करावी लागते. मग फोन मोठ्या पडद्याचाच घ्यावा का?

पडद्याचे माप तिरपे, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरतात. गुरुजी, मुलांना फूटपट्टीने मोजायला लावा. जुना १६:९ घडणीचा ५ इंची पडदा आणि आजचा २०:९ घडणीचा साडेसहा इंची पडदा यांत उंची ४ सेंटिमीटरने वाढते. रुंदी मात्र जेमतेम अर्ध्याने. म्हणजे ओळी जास्त मावतात, अक्षर फारसे मोठे होत नाही. ते तर सेटिंगमध्ये फुकट वाढवता येते.

मोठ्या पडद्याचा गुण असा, की फोन आडवा धरला म्हणजे सातबाऱ्याचे रकाने नीट वाचता येतात. चार मुलांना एकदम आकृती दाखवता येते. दोष असा, की अंगठा वरच्या टोकाला पोचत नाही, फोन खिशात मावत नाही. आणि उन्हात दिसणे आकारावर नव्हे, पडद्याच्या उजेडावर अवलंबून असते.

तेव्हा मंडळी, फोन दुकानाबाहेर उन्हात आणा, सातबारा उघडा, एका हाताने धरून पाहा. मगच सोयाबीनचे पैसे मोजा.