घर बांधताना मोडण्याचा विचार



घराचा पाया घालावयास निघालेल्या माणसापुढे ते घर मोडण्याची गोष्ट काढणे आपल्याकडे शुभ मानीत नाहीत. आज मला तीच गोष्ट काढावयाची आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाड्यावरील एक घर पाडले गेले. त्याचा पुढचा भाग जुना, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा व चुन्यात बांधलेला. मागचा भाग पुढल्या पिढीने वाढविलेला, विटा-सिमेंटचा, वर स्लॅब असलेला. पुढच्या भागावर चार गडी चढले. त्यांनी मंगलोरी कौले हातोहात खाली दिली, मग रिपा व वासे उतरविले आणि शेवटी पहारीने एकेक चिरा सुटा केला. चिऱ्याला चिकटलेला चुना खरवडला की तो पुन्हा बांधकामास तयार. चार दिवसांत सारा माल विकलाही गेला. मागच्या भागासाठी मात्र यंत्र आणावे लागले. दोन तासांत त्याचा ढिगारा झाला. भंगारवाल्याने त्यातील सळया तेवढ्या ओढून नेल्या. उरलेला राबिट उचलण्यासाठी मालकालाच पैसे मोजावे लागले. तो कोठे टाकला, हे त्यालाही सांगता येईना. पावसाळ्याच्या तोंडावर खाजणाच्या बांधालगत असे ढीग दिसतात, त्यांतलाच तो एक झाला असावा.

एकाच घराच्या दोन भागांची अशी दोन गती का व्हावी? अलीकडे ज्याला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ म्हणतात, तिचा बांधकामातील सारा प्रश्न यात आला आहे. खाणीतून काढलेली वस्तू एकदा वापरून उकिरड्यावर न टाकता फिरून उपयोगात आणावयाची, हे तिचे सूत्र. सर्वसाधारण समजूत अशी, की ते कोणते साहित्य वापरले यावर अवलंबून असते. माझ्या मते ते त्याहूनही अधिक सांध्यावर अवलंबून असते.

चुन्याचेच पाहा. चुनखडी किंवा शिंपले सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले की त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूत कालवून भिंतीत घातला, की हवेतील तोच वायू हळूहळू पुन्हा शोषून घेत तो घट्ट होतो. भट्टीच्या जळणाचा धूर परत येत नाही हे खरे, पण दगडातून गेलेला वायू बऱ्याच अंशी परत येतो. शिवाय हा चुना चिऱ्यापेक्षा मऊ राहतो. म्हणून पहार घातली की सांधा सुटतो, चिरा शाबूत राहतो. सिमेंटचा मूळ गोळा सुमारे १४५० अंशांना भाजावा लागतो आणि त्याचा कडक माल विटेहूनही मजबूत ठरू शकतो. मग सांध्याऐवजी वीटच फुटते. मंगलोरी कौलांना तर चिकटविणारे काहीच लागत नाही. खाचेत खाच बसवून ती रिपांवर नुसती ठेवलेली असतात. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये ती करावयास सुरुवात केली. ती एका छपरावरून दुसऱ्या छपरावर गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत.

जांभ्याला इंग्रजीत जे नाव आहे ते फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये लॅटिनमधील ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून दिले. खाणीत मऊ असलेला हा दगड विटेसारखा कापता येतो आणि उघड्या हवेत टणक होतो. तेव्हा जुना चिरा नव्याहून हलका मानण्याचे कारण नाही. जुन्या गोव्यातील ओसाड पडलेल्या इमारतींचा दगड एकोणिसाव्या शतकात पणजीच्या बांधकामांना असाच लागला. ऑगस्टिनी मठाची मोठी घंटादेखील १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. अर्थात एका नगरीचे वैभव त्यापायी विखुरले, आणि त्याची हळहळ मलाही वाटते. मात्र तो दगड खाजणात गेला नाही.

काँक्रीटचे काय, असे आपण विचाराल. ते भरडून खडी करता येते. दिल्लीत बुराडी येथे २००९ पासून असा कारखाना आहे. परंतु त्या खडीला जुना सिमेंट-माल चिकटून राहतो, त्यामुळे ती पाणी अधिक पिते. म्हणूनच खडीविषयीच्या २०१६ च्या भारतीय मानकाने मर्यादा घातली : साध्या काँक्रीटमध्ये अशी जाड खडी २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, आणि अगदी कमी ताकदीच्या थरात पूर्ण. चिरा चिरा म्हणूनच परत येतो; काँक्रीट मात्र खडी होऊन, एक पायरी खाली उतरून येते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या नव्या नियमांनी राडारोड्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली आहे खरी, पण तिचा मुख्य रोख २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांवर आहे. आपली घरे त्यात येत नाहीत. तेथे जे व्हावयाचे ते मालक आणि गवंडी यांच्यातच.

खांब, तुळया व स्लॅब काँक्रीटचे असोत. मजल्यावर मजला चढवावयाचा तर त्यावाचून चालणार नाही. पण मधल्या भिंतींना इतका कडक माल कशाला? एक भाग सिमेंट, एक भाग चुना व सहा भाग वाळू यांचा माल अशा भिंतींना पुरतो, आणि तो पुढे सोडविणेही सोपे जाते. चौकटी स्क्रूने बसवाव्यात. नळ व विजेच्या तारा स्लॅबच्या पोटात गाडू नयेत, कारण त्या घरापेक्षा पुष्कळ आधी निकामी होतात आणि मग एका नळासाठी चांगली भिंत फोडावी लागते.

दिवाळीनंतर आमच्या घराची पडवी बांधावयाची आहे. त्या पाडलेल्या घराचे काही चिरे मी घेऊन ठेवले आहेत. चुन्याचे नाव काढताच गवंडी कुरकुरला. चुना भिजत घालावा लागतो, तो सावकाश धरतो, दरम्यान मजुरी चालूच राहते, ही त्याची तक्रार खोटी नव्हे. अखेरीस त्याने दहा दिवस अधिक मागितले, आणि मी ते मान्य केले आहेत.