सतराव्या उन्हाळ्याची गोष्ट

शाळेतल्या एखाद्या मुलीच्या वहीत प्रेमाची गोष्ट सापडली, की आपण शिक्षक मंडळी काय करतो? वही जप्त! पण गुरुजी, जरा थांबा. मॉरीन डेली या लेखिकेची हकीकत आधी ऐका.

तिचा जन्म १९२१ सालचा, आयर्लंडमधला. लहानपणीच ती अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या फॉन्ड ड्यू लॅक या गावी आली. शाळकरी वयातच तिच्या कथेला स्पर्धेत बक्षीस मिळाले. पुढे कॉलेजात शिकता शिकता तिने ‘सेव्हन्टीन्थ समर’ लिहिली. १९४२ साली ती छापून निघाली.

या कादंबरीत आहे तरी काय? शाळा संपलेली, कॉलेज अजून सुरू व्हायचे. मधल्या उन्हाळ्यात अँजी आणि बेकरीवाल्याचा मुलगा जॅक यांची मने जुळतात. उन्हाळा सरतो, अँजी शिकायला निघून जाते. बस्स, एवढेच! पण हे सांगते कोण? ती मुलगी स्वतः. वडीलधाऱ्यांचा उपदेश नाही, तिचाच जीव बोलतो. म्हणून तर तरुण वाचकांसाठीच्या कादंबरीचा आरंभ पुष्कळ जण या पुस्तकापासून धरतात.

पुढे डेलीबाई वृत्तपत्रांत, मासिकांत लिहीत राहिल्या. तरुणांसाठी दुसरी कादंबरी आली ती थेट १९८६ साली, चव्वेचाळीस वर्षांनी! तोवर पती गेले होते, मुलगीही गेली होती. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ लव्ह’ ही कादंबरी त्या मुलीच्या आठवणीतून उतरली. २००६ साली बाई वारल्या.

तेव्हा गुरुजी, ती वही वाचा, हवे तर शुद्धलेखन तपासा. पण वही मात्र मुलीला परत द्या.