पानमळ्यातील एक वाक्य : कर्ता कसा ओळखावा?

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी हे गाव पानमळ्यांसाठी ओळखले जाते. तेथील मळ्यात 'तू पाने खुडलीस' हे वाक्य कोणाच्याही तोंडी सहज येईल. परंतु पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास त्याचे पृथक्करण करावयास सांगितले, म्हणजे तो थबकतो. शाळेत व्याकरण चालविताना त्याने पाठ केलेला नियम असा की, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी. येथे ते दोहोंप्रमाणे बदलते.

हे पडताळून पाहावयाचे तर एका वेळी एकच पद बदलावे, बाकीची तशीच ठेवावीत. 'पाने'च्या जागी 'पान' घातले की 'खुडलेस' होते; 'तू'च्या जागी 'तुम्ही' घातले की 'खुडलीत'. म्हणजे 'ली' हा अंश कर्माचा आणि 'स' कर्त्याचा. वैयाकरणांनी यास कर्तृकर्मसंकर म्हटले आहे. नाव यथार्थ आहे; पण नावाने उलगडा होत नाही.

'माळ्याने पाने खुडली' येथे अडचण अधिक खोल आहे. क्रियापद 'पाने' या पदाशी जुळते. तेव्हा तेच उद्देश्य मानावे काय? इंग्रजी वाक्यांवर हात बसलेला विद्यार्थी तसे मानून मोकळा होतो. मराठीस मात्र इतर कसोट्या लावाव्या लागतात. 'वेलींना पाणी देऊन माळ्याने पाने खुडली' यात पाणी देणारा माळीच, पाने नव्हेत. 'माळ्याने मुलाला आपल्या मळ्यात नेले' यात मळा माळ्याचा; क्रियापद तर कोणाशीच न जुळता नपुंसकलिंगी एकवचनी राहते. 'मुलाला आपला मळा आवडतो' येथे 'मुलाला' हे पद चतुर्थ्यन्त असूनही 'आपला' त्याच्याकडेच जातो. (अर्थात् 'आपला' हा 'आपणा सर्वांचा' या अर्थीही येतो, ही कसोटी जपून वापरावी.) मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचारास मोठी जागा मिळाली, ती उगाच नव्हे.

राहता राहिला 'मी'. 'मी पाने खुडली' यात 'ने' दिसत नाही, म्हणून ती प्रथमा समजली जाते. जुन्या मराठीत येथे 'म्यां' हे तृतीयेचे रूप असे. ते लोपले, तरी विभक्तीची खूण पुरती पुसलेली नाही : 'आम्ही दोघे आलो', परंतु 'आम्ही दोघांनी पाने खुडली'.