दहा महिन्यांचं घर

सुट्टीत मामाच्या गावाला जाता ना? पहिले दोन दिवस काय थाट असतो! मामी विचारून विचारून खायला करते, आजी पाठीवरून हात फिरवते, कुणी कसलं काम म्हणून सांगत नाही. आणि चौथ्या दिवशी? “ए, जरा ती कळशी भर रे!” “अगं, पानं घे बघू!” संपलं पाहुणपण!

आता अशी कल्पना करा, की मामाचं गाव साता समुद्रापार आहे, मामीला मराठीचा एक शब्द येत नाही, आणि तिथं तुम्हाला चांगले दहा महिने राहायचंय. शाळाही तिथलीच, डबाही तिथलाच, रागावणारी माणसंही तिथलीच.

अशी योजना खरोखरच आहे बरं का! तिला म्हणतात विद्यार्थी-विनिमय, म्हणजे विद्यार्थ्यांची देवाणघेवाण. एका देशातला मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या देशातल्या कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जाते. गंमत अशी, की ही कल्पना राबवणाऱ्या एका मोठ्या संस्थेची सुरुवात झाली ती रणांगणावर. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, काही अमेरिकन स्वयंसेवक फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या रुग्णवाहिका चालवत होते. त्यांची संस्था ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच केलं. दोन-दोन युद्धांतली माणसं वाहून दमलेल्या या लोकांना वाटलं, की मुलं लहानपणीच एकमेकांच्या घरी राहिली, तर मोठेपणी एकमेकांवर बंदूक रोखताना हात जरा तरी अडखळेल. म्हणून १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. ‘एएफएस’ या नावानं ही संस्था आजही काम करते. रोटरी क्लबचीही अशीच योजना आहे. तिच्यात बहुधा वर्षभरात दोन-तीन घरं बदलावी लागतात. आणि २०१८ साली जपान सरकारनं आशियातल्या मुलांसाठी एक खास योजना काढली, तिचं नाव ‘काकेहाशी’. म्हणजे पूल!

मी स्वतः जपानला गेलेली नाही. पण मी चौथीला शिकवलेली एक मुलगी अशीच जाऊन आली. तिचं नाव नाही सांगत, तिनं तशी अटच घातलीय. दहावीची परीक्षा संपली आणि मार्चअखेर बाईसाहेब विमानात! घरी आधी केवढा वाद झाला होता. वडील म्हणाले, “अकरावीचं एक वर्ष फुकट जाईल.” ते खरंही होतं. जानेवारीत परत आल्यावर जूनपर्यंत थांबून तिला अकरावी सुरू करावी लागली, आणि तिच्या मैत्रिणी तोवर बारावीला पोचल्या. (पालकहो, हे आधी समजून घ्यायला हवं. विमानाचा आणि विम्याचा खर्चही बहुतेक वेळा आपल्यालाच करावा लागतो. शिष्यवृत्त्या असतात, पण थोड्या.) सांभाळणारं कुटुंब मात्र सहसा पैसे घेत नाही. विचार करा, अनोळखी मुलीला दहा महिने फुकट जेवू घालायचं!

ती गेली ओकायामा भागात. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलंय का तुम्ही? ते याच ओकायामातल्या ‘कोराकुएन’ नावाच्या तीनशे वर्षं जुन्या बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथले पीचही प्रसिद्ध. पीचच्या फळातून जन्मलेल्या मोमोतारोची जपानी गोष्ट तिथं पोराटोरांना पाठ असते.

भाषेची तयारी? जाण्याआधी चार महिने, तीही दहावीचा अभ्यास सांभाळून. पण जपानी अक्षरं पाहिल्यावर तिनं मला फोन केला, “बाई, ही तर आपली बाराखडी!” आणि खरंच! अ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचा अभ्यास चीनमधून जपानला पोचला आणि आपल्या वर्णमालेवरून त्यांनी आपल्या अक्षरांचा क्रम लावला. वाक्यही आपल्यासारखंच, क्रियापद शेवटी. ‘मिझु ओ नोमिमास’ म्हणजे ‘पाणी पिते’. आणि ‘पिते’ की ‘पितो’ ही भानगडच नाही! पण फार हुरळून जाऊ नका हं. ही साधी अक्षरं झाली की पुढं चित्रलिपी उभी, ‘कांजी’. रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्याच २,१३६ आहेत. आणि जपानीत ‘ल’ नाही. त्यामुळे तिच्या नावातल्या ‘ल’चा पहिल्याच दिवशी ‘र’ झाला तो झालाच.

जपानी घरात शिरल्याशिरल्या एक खोलगट जागा असते. तिथं चपला-बूट काढायचे आणि त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची, म्हणजे निघताना पाय सरळ आत. घरात सपाता. शौचालयात गेलात की तिथल्या सपाता वेगळ्या. त्या घालून कुणी बाहेरच्या खोलीत आलं की सगळे हसू दाबतात. आमच्या बाईसाहेब दोनदा आल्या!

पण खरी फजिती झाली आंघोळीची. तिकडे आंघोळ रात्री. आधी छोट्याशा स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुवायचं आणि मग गरम पाण्यानं भरलेल्या खोल टबात नुसतं शेकत बसायचं. टबातलं तेच पाणी घरातल्या सगळ्यांना, आणि पाहुण्याला पहिला मान. हिनं मान घेतला, छान शेकून झालं, आणि आपण वापरलेलं पाणी दुसऱ्याला कसं ठेवायचं, म्हणून बूच काढून सगळं सोडून दिलं! चांगल्या वळणाची मुलगी ना! बाहेर ओतोसान, म्हणजे घरातले बाबा, खांद्यावर टॉवेल टाकून उभे. टब रिकामा. ते काहीच बोलले नाहीत, नुसते हसले आणि पुन्हा पाणी तापायला लावलं. तिला वाटलं, आपण चांगलंच काम केलं. खरा प्रकार आठवड्यानं शाळेतल्या मैत्रिणीनं सांगितला, तेव्हा तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कुणीच काही बोलत नाही, हीच तिची पहिल्या महिन्यातली मोठी अडचण होती. आणि तीही बोलत नव्हती. जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. ही सगळ्याला ‘हाय’ म्हणायची. आवडलं का? हाय. समजलं का? हाय. थंडी नाही ना वाजत? हाय! घर शाकाहारी, तसं तिनं अर्जात लिहिलंही होतं. ओकासान, म्हणजे घरातली आई, सूपमध्ये मासळीचा तुकडाही घालत नव्हती. पण जपानी सूपचं मूळ पाणीच बहुधा सुकवलेल्या माशाचं असतं, हे हिला चौथ्या दिवशी पाकिटावर छापलेलं वाचून कळलं. काय करावं? तिनं नऊ दिवस सूप अर्धं टाकलं. ओकासानला वाटलं, आपला स्वयंपाक वाईट. दोघीही मनातल्या मनात कुढत बसल्या. शेवटी हिनं वहीत वाक्य लिहून, पाठ करून, धीर एकवटून सांगितलं. ओकासान क्षणभर थांबल्या, फडताळ उघडलं आणि त्यातून समुद्रातल्या वनस्पतीची वाळकी काळी पट्टी काढली. तिला कोंबू म्हणतात. तिचंही सूप होतं, आणि छान होतं. एवढंच करायचं होतं!

शाळेचं तर विचारूच नका. गेल्यावर बूट बदलायचे, आतले वेगळे. तास सुरू होताना एक जण पुकारणार, “उभे राहा, नमस्कार, बसा.” आपल्या ‘एक साथ नमस्ते’ची तिला इतकी आठवण आली, की दुसऱ्या दिवशी तिनं ते वर्गाला शिकवून टाकलं. रोज बाकं सरकवून झाडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. स्वच्छतागृहंसुद्धा मुलंच धुतात. जपानी शाळांची ही गोष्ट आपल्याकडे फार कौतुकानं सांगतात, आणि मला थोडं हसू येतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांनी वर्ग झाडले नाहीत का? सडा मारला नाही का? फरक मला दिसतो तो दुसराच. आपल्याकडे झाडू आपोआप मुलींच्या हातात जातो. तिथं पाळ्या लावलेल्या असतात आणि फरशी पुसायला उंच उंच मुलगेही गुडघ्यांवर बसतात.

शाळा सुटल्यावर मंडळं असतात, कुणी फुटबॉल, कुणी वाद्यवृंद. हिनं घेतली जपानी धनुर्विद्या. वाटलं, आता सपासप बाण सोडायचे! कुठलं काय, कित्येक आठवडे हातात नुसता रबर. उभं कसं राहायचं, श्वास कसा घ्यायचा, रबर कसा ताणायचा. संध्याकाळी साडेसहाला घरी यायची, तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असत.

आणि जून आला. तिकडेही जूनमध्ये पाऊस असतो, तोही चिकट, दिवसच्या दिवस. इकडे दहावीचा निकाल लागून गेला होता, मैत्रिणी कॉलेजच्या प्रवेशाला धावत होत्या. रोज घरी फोन करायचा नाही, असं संस्थेच्या माणसांनी बजावलेलं. ते कठोर वाटतं, पण एक कान सतत घराकडे असला तर दुसऱ्या घरातलं ऐकू येत नाही. मात्र त्या पंधरवड्यात तिनं मला लिहिलं, “बाई, मी आंघोळीला जास्त वेळ लावते. तिथंच रडता येतं. बाहेर आलं की तोंड लालच असतं, कुणाला कळत नाही.” ते वाचून मी वर्गात गेले, पण माझं शिकवण्यात लक्ष लागेना. परत बोलवा म्हणावं का तिच्या आईला? मी काहीच केलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कळत नाही असं तिला वाटत होतं, पण घरातल्या आजींना कळलं होतं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या हिला कामं सांगू लागल्या. मटार सोल. कचरा वेगळा कर, जळणारा इकडे, प्लॅस्टिक तिकडे, बाटल्यांची झाकणं काढ, कुठला कचरा कुठल्या वारी न्यायचा ते पाठ कर. मटार सोलताना आजी एकेक शब्द म्हणायच्या आणि ही मागून म्हणायची. जपानीत आपल्यासारखेच जोडीचे शब्द खूप. आपलं ‘चकचक’, त्यांचं ‘पिकापिका’. ती अशा शब्दांची जोडयादीच करत बसली. पुस्तकातून आली नव्हती तेवढी भाषा त्या मटारांतून आली.

सप्टेंबर उजाडला. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो-योकोहामा परिसरात महाभयंकर भूकंप झाला होता, म्हणून त्या दिवशी देशभर आपत्तीचा सराव असतो. मुलं डोकं झाकून बाकाखाली. त्या वेळी शेजारच्या बाकाखालून एक मुलगी कुजबुजली, “तू घाबरू नकोस हं, हे खोटं आहे.” ही म्हणते, आपल्याला समजलेला हा पहिला जपानी विनोद!

मग डिसेंबरातली ती संध्याकाळ. धनुर्विद्येच्या मैत्रिणींबरोबर ही स्टेशनजवळ रेंगाळली आणि कळवायचं विसरली. घरी पोचली आठ वाजता. बाहेर कडाका. जपानी घरं आतूनही थंड असतात, त्यामुळे थंडीत घरचे ‘कोतात्सु’भोवती बसतात. ते असतं खाली शेगडी आणि वर रजई असलेलं बुटकं टेबल. सगळे तिथं न जेवता बसलेले. आणि आजी कडाडल्या! किती वाजले, फोन कशाला दिलाय, या घरची मुलं अशी वागत नाहीत. ओतोसानही बोलले, त्या रिकाम्या टबापुढे हसणारे ओतोसान! तिला निम्मंच समजलं, पण “या घरची मुलं” एवढं नीट समजलं.

रात्री मला निरोप आला, “बाई, आज मला रागावले!!!”

तीन उद्गारचिन्हं. मी मोजली.

एक सांगायचं राहिलंच. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हटलं की आजी दटावतेच! जपानी माणूस निघताना म्हणतो, ‘इत्ते किमास’. अर्थ काय ठाऊक आहे? ‘जाऊन येते’. घरातले म्हणतात, ‘इत्तेराश्शाई’, म्हणजे ‘जाऊन ये’. आणि परत आल्यावर दारात म्हणायचं, ‘तादाइमा’, आलेय मी. त्यावर घरातून ‘ओकाएरी’, आलीस का! जानेवारीत विमानतळावर निघताना तिनं सवयीनं ‘इत्ते किमास’ म्हटलं, आणि आजींनी ‘इत्तेराश्शाई’ म्हटलं. खरं तर तो कायमचा निरोप घ्यायचा प्रसंग होता, त्याचे शब्द वेगळे आहेत, आणि दोघींनाही ते येत होते.

इकडे घरी रात्री अकराला पोचली. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. हिनं बूट काढले, वाकून त्यांची तोंडं दाराकडे वळवली आणि मोठ्यानं म्हणाली, “तादाइमा!”

आई म्हणाली, “काय ते नंतर सांग. आधी सरळ उभी राहा बघू!”