एकच सेवा, एकाच सर्व्हरवर

एकाच डेटाबेससाठी दोन-तीन सर्व्हर जोडून ठेवायचे आणि चालता सर्व्हर बंद पडला की काही सेकंदांत तीच सेवा शेजारच्या सर्व्हरवर सुरू करायची, ही ‘हाय अव्हेलेबिलिटी’ क्लस्टरची मूळ कल्पना. सेवा खंडित होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप असतो. पण अशा क्लस्टरमध्ये सर्वांत मोठे नुकसान सेवा बंद पडल्याने होत नाही. एकच सेवा एकाच वेळी दोन सर्व्हरवर चालू झाली तर होते.

तासभर बंद राहिलेला डेटाबेस पुन्हा सुरू करता येतो, आतला डेटा जिथल्या तिथे असतो. दुहेरी चाललेल्या डेटाबेसचे तसे नाही. समजा, दोन सर्व्हरना एक सामाईक डिस्क जोडलेली आहे आणि तिच्यावर एक्स्ट-४ सारखी साधी फाइल सिस्टिम आहे. ही फाइल सिस्टिम एका वेळी एकाच यंत्राने वापरावी अशा हिशेबाने बनवलेली असते. डिस्कवरचे कोणते ब्लॉक मोकळे आहेत याची माहिती सर्व्हर आपल्या मेमरीत ठेवतो आणि बदल थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतो. दुसऱ्या सर्व्हरनेही तीच डिस्क माउंट केली, तर पहिल्याने भरलेला ब्लॉक दुसऱ्याच्या लेखी मोकळाच असतो आणि तो त्यावर बिनदिक्कत लिहितो. त्या क्षणी कुठेही एरर दिसत नाही. चूक लक्षात येईपर्यंत फाइल सिस्टिम अशी विस्कटलेली असते की बॅकअपखेरीज इलाज उरत नाही. डिस्क वेगवेगळ्या असल्या तरी सुटका नाही. दोन्हीकडे एकाच क्रमांकाची पावती दोन वेगळ्या ग्राहकांच्या नावाने तयार होते आणि त्यांतली कोणती खरी मानायची, हे कोणताही प्रोग्राम ठरवू शकत नाही.

दुहेरी सेवेचे एक कारण अगदी साधे आहे. लिनक्सवर क्लस्टरचा कारभार बहुतेक ठिकाणी पेसमेकर हे सॉफ्टवेअर पाहते आणि सर्व्हरमधला, म्हणजे नोडमधला, संवाद कोरोसिंक सांभाळते. सेवा पेसमेकरच्या हवाली केली, पण लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये ती ‘एनेबल’च राहिली, की घोटाळ्याची तयारी झाली. नोड रीबूट होताच सिस्टिमडी ती सेवा आपणहून सुरू करते. ती शेजारच्या नोडवर आधीच चालू आहे, याची तिला कल्पना नसते. म्हणून क्लस्टरच्या ताब्यातली प्रत्येक सेवा सिस्टिमडीत ‘डिसेबल’ करावी लागते आणि ती हाताने सुरू करायची नाही, हा नियम सगळ्या टीमने पाळावा लागतो.

यावर पेसमेकरचीही एक राखण असते. नवा नोड क्लस्टरमध्ये आला की त्यावर काही सुरू करण्याआधी पेसमेकर ‘प्रोब’ करतो, म्हणजे प्रत्येक सेवा तिथे आधीच चालू आहे का, हे तपासतो. जी एकाच ठिकाणी चालायला हवी अशी सेवा दोन ठिकाणी सापडली, तर मूळ सेटिंगनुसार तो दोन्हीकडची बंद करतो आणि एकाच नोडवर नव्याने सुरू करतो. पण ही तपासणी सेवेसोबतच्या एजंट स्क्रिप्टवर अवलंबून असते. अडकून पडलेल्या सेवेबद्दल स्क्रिप्टने ‘बंद आहे’ असे उत्तर दिले, तर पेसमेकर त्यावर विश्वास ठेवून दुसरी प्रत सुरू करतो. ‘बंद आहे’ आणि ‘बिघडली आहे’ ही दोन उत्तरे वेगळी देता येणे, हीच चांगल्या एजंटची खरी कसोटी.

अवघड कारण वेगळे आहे. क्लस्टरमधले नोड एकमेकांना सतत ‘मी आहे’ असे संदेश पाठवत असतात आणि ठरलेल्या मुदतीत, साधारण एक ते तीन सेकंदांत, संदेश आला नाही तर तो नोड गेला असे धरले जाते. पण गप्प झालेला नोड बंदच पडला असेल असे नाही. मधला स्विच बिघडलेला असू शकतो, किंवा नोडवर इतका भार असेल की संदेश पाठवायला त्याला फुरसत मिळाली नसेल. बाहेरून या शक्यतांमधला फरक ओळखता येत नाही. मग दोन्ही बाजू एकमेकींना मृत समजतात आणि दोन्हीकडे सेवा सुरू होते. या अवस्थेला ‘स्प्लिट-ब्रेन’ म्हणतात.

त्यावरचा पहिला उपाय कोरम. एकूण मतांपैकी निम्म्याहून जास्त मते ज्या गटाकडे असतील त्यानेच सेवा चालवायची. उरलेल्यांनी आपल्याकडच्या सेवा बंद करायच्या. डीईसी कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये १९८० च्या दशकातच हा मार्ग वापरला गेला होता. गृहनिर्माण संस्थेची सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते, तसेच हे. फरक इतकाच की तहकूब सभा नंतर गणपूर्तीविनाही घेता येते, क्लस्टरमध्ये ती मुभा दिली की संपले. दोन नोडच्या क्लस्टरची पंचाईत इथेच होते. संपर्क तुटल्यावर दोघांकडे एकेकच मत उरते, बहुमत कोणाचेच नसते. त्यासाठी तिसऱ्या, शक्यतो वेगळ्या इमारतीतल्या यंत्रावर केवळ मत देणारे कोरम डिव्हाइस ठेवतात.

कोरम आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. अल्पमतातल्या नोडने सेवा बंद करायची, हे ठीक. पण तो नोड गोठला असेल तर बंद कोण करणार? अर्ध्या मिनिटाने तो जागा झाला तर आपण अजून मालकच आहोत अशा समजुतीने डिस्कवर पुढची ओळ लिहितो. म्हणून बहुमतातल्या गटाने आधी त्या नोडला बळजबरीने बाजूला काढायचे आणि तसे झाल्याची खात्री पटल्यावरच सेवा सुरू करायची. याला फेन्सिंग म्हणतात. पेसमेकरमध्ये त्याचे नाव स्टोनिथ. सर्व्हरच्या मदरबोर्डवरच्या स्वतंत्र व्यवस्थापन चिपला आयपीएमआयवरून आदेश देऊन यंत्राचा वीजपुरवठा तोडणे, हा त्याचा रूढ प्रकार. सामाईक डिस्क असेल तर स्कझी रिझर्व्हेशनने त्या नोडचा लिहिण्याचा हक्कच काढून घेता येतो. एसबीडी पद्धतीत नोड हार्डवेअर वॉचडॉगला, म्हणजे वेळेवर खूण न मिळाल्यास यंत्र रीसेट करणाऱ्या घड्याळाला, सतत थोपवून धरतो. सामाईक डिस्कवरच्या आपल्या खणात ‘बंद हो’ असा संदेश दिसला की तो स्वतःला रीसेट करतो, आणि गोठलेला असेल तर वॉचडॉग त्याला रीसेट करतो.

यातही खाचाखोचा आहेत. व्यवस्थापन चिप सर्व्हरच्याच वीजपुरवठ्यावर चालते. सर्व्हरची वीज पूर्णपणे गेली तर चिपही गप्प, आणि फेन्सिंगला होकार मिळत नाही. नोड खरोखर बंद असूनही क्लस्टर थांबून राहतो. यासाठी स्विच करता येणारा पीडीयू, म्हणजे सर्व्हरना वीज वाटणारा बोर्ड, हा दुसरा मार्ग ठेवावा लागतो. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना बंद करू नये म्हणून एकाच्या आदेशाला काही सेकंदांचा विलंब लावतात. या कटकटींना कंटाळून फेन्सिंगच बंद ठेवलेले क्लस्टर पाहायला मिळतात. सामाईक डेटा असलेल्या क्लस्टरमध्ये याहून धोक्याचे सेटिंग नाही, कारण पहिला नेटवर्क बिघाड होईपर्यंत सगळे सुरळीतच दिसते.

नेटवर्क किती वेळ तुटले, यावरून नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेतील पूर्व किनाऱ्यावरच्या डेटा सेंटरचा संपर्क देखभालीच्या कामात ४३ सेकंद तुटला. डेटाबेसवर देखरेख करणाऱ्या ऑर्केस्ट्रेटर या सॉफ्टवेअरच्या उरलेल्या नोडनी रीतसर कोरम जमवला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसना मुख्य ठरवले. नियमात काहीच चुकले नव्हते. मात्र पूर्वेकडे काही नोंदी अशा होत्या की त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या, आणि संपर्क जुळताच नव्या नोंदी पश्चिमेकडे सुरू झाल्या. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा अडकलेल्या नोंदी ९५४ होत्या. कंपनीने वेगापेक्षा डेटा महत्त्वाचा मानला आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. पुढे ऑर्केस्ट्रेटरने प्रदेशाची सीमा ओलांडून मुख्य डेटाबेस नेमू नये, असे सेटिंग करण्यात आले.

जिथे वीज तोडणे शक्य नसते, तिथे सेवेची मालकी मुदतीने देतात आणि प्रत्येक नव्या मालकाला आधीच्यापेक्षा मोठा क्रमांक देतात. साठवण यंत्रणा प्रत्येक नोंदीसोबतचा क्रमांक तपासते आणि जुना क्रमांक घेऊन आलेली नोंद नाकारते. गोठून उशिरा जागा झालेला मालक मग काही बिघडवू शकत नाही. मात्र ही तपासणी साठवण यंत्रणेनेच करायला हवी. केवळ मालकी घेण्यापुरता क्रमांक ठेवला तर त्याचा उपयोग नाही.

क्लस्टर सुरू करण्यापूर्वी हे सगळे मुद्दाम बिघाड घडवून तपासतात: नेटवर्क केबल उपटून, फायरवॉलने दोन्ही दिशांचे संदेश अडवून, कर्नल पाडून, सर्व्हरची वीज काढून. शेवटी एक प्रसंग उरतो. फेन्सिंगचा प्रत्येक मार्ग अयशस्वी ठरतो, क्लस्टर थांबतो आणि माणसाची वाट पाहतो. ‘तो नोड बंद आहे, याची मी ग्वाही देतो’ असे पेसमेकरला कळवण्याचा आदेश आहे. तो देताना यंत्र खरोखर बंद नसेल, तर इतक्या बंदोबस्तानंतरही दुसरी प्रत माणसाच्याच हातून सुरू होते. म्हणून तो आदेश देण्याआधी कोणीतरी सर्व्हर रूममध्ये जाऊन त्या यंत्राच्या सगळ्या पॉवर केबल काढल्याची खात्री करावी लागते.